रोबोट आला, आणि ऑपरेशन थिएटर बोलू लागलं

पोट उघडून केलेल्या ऑपरेशनची चित्रफीत पाहताना नजर साहजिकच जखमेवर खिळते. ती क्षणभर तिथून हलवून सर्जनच्या उजव्या हाताकडे न्यावी. सर्जनचे डोळे आत गुंतलेले असतात, मान वर होत नाही, तोंडातून शब्द निघत नाही. फक्त तळहात किंचित बाजूला येतो आणि उघडतो. तेवढ्यात स्क्रब सिस्टरच्या हातातली कात्री त्यावर टेकते. हवी तीच कात्री, हव्या त्या बाजूने. बोटं घालायच्या कड्या सर्जनकडे, टोक पलीकडे. सर्जन वर न बघता कापतो, कात्री परत जाते, तिच्या जागी चिमटा आलेला असतो. डोळ्याचं पातं लवावं इतक्या सहज हे सगळं उरकतं.

लंडनच्या किंग्ज कॉलेजमधले ख्रिश्चन हीथ, पॉल लफ आणि त्यांचे सहकारी यांनी नेमक्या या देवघेवीचा, ऑपरेशनचं चित्रीकरण पुन्हा पुन्हा बघून, अभ्यास केला. सिस्टर मागणीची वाट बघत थांबलेली नसते, हे त्यातून स्पष्ट दिसतं. ऑपरेशन कुठवर आलंय ते तिचे डोळे वाचत असतात. पुढे काय लागणार हे ओळखून ती इन्स्ट्रुमेंट आधीच उचलते, पकड बदलून ठेवते आणि सर्जनचा हात हलायच्या बेतात असतानाच पुढे करते. शेजारी उभ्या असलेल्या कुणाला हे नुसतं ‘देणं’ वाटेल. प्रत्यक्षात ती दोन माणसांनी मिळून केलेली एकच हालचाल असते.

मैफलीत समेकडे येताना गायक तबलजीकडे नुसता बघतो आणि तबलजीला सगळं कळतं. ऑपरेशन टेबलाभोवतीची माणसं वर्षानुवर्षं अशाच इशाऱ्यांवर काम करत आली आहेत. सर्जनचा खांदा ताठ झाला की समोरच्या सहायकाचा हात सक्शनच्या नळीकडे वळतो. पडद्यापलीकडे बसलेल्या भूलतज्ज्ञाला सर्जनच्या हातांचा वेग मंदावला, गप्पा थांबल्या, एवढ्यावरून कळतं की आत काहीतरी अवघड आलंय. चार-पाच माणसं खांद्याला खांदा लावून एकाच जखमेत बघत असतात, त्यामुळे बरंचसं न बोलताच पोचतं.

आता यातला गायकच उठून कोपऱ्यात गेला, डोकं एका पेटीत घातलं आणि तिथून गाऊ लागला, तर? शस्त्रक्रियेत हे खरोखर घडलं आहे. रोबोटिक सर्जरीबद्दल आपण ऐकतो ते यंत्राच्या कौशल्याविषयी: लहान छेद, कमी रक्तस्राव, न थरथरणारे हात. ते सगळं थक्क करणारंच आहे. पण मला त्याहून विलक्षण वाटतं ते हे, की या यंत्राने माणसांमधल्या मुक्या इशाऱ्यांची जागा काढून घेतली आणि त्या सगळ्या इशाऱ्यांना शब्दांत यायला भाग पाडलं.

पेटीत डोकं घातलेला सर्जन

एक गैरसमज आधी दूर करायला हवा. आज पोटाच्या, मूत्रमार्गाच्या किंवा गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांसाठी वापरला जाणारा रोबोट स्वतःच्या मनाने काहीही कापत नाही. प्रत्येक हालचाल सर्जनच्या बोटांची असते. यंत्र ती फक्त पलीकडे पोचवतं.

यातलं सर्वांत प्रसिद्ध यंत्र म्हणजे कॅलिफोर्नियातल्या इंट्युटिव्ह सर्जिकल कंपनीचं ‘दा विंची’. अमेरिकेच्या अन्न आणि औषध प्रशासनाने त्याला २००० साली मान्यता दिली. त्याचे तीन भाग असतात. पहिला रुग्णाच्या अंगावर झुकलेला चार हातांचा सांगाडा. दुसरा प्रकाश, कॅमेरा आणि पडद्यांचा मनोरा. तिसरा कन्सोल, म्हणजे सर्जनची बैठक. ती टेबलापासून काही मीटरवर, बहुधा भिंतीकडे असते. सर्जन तिथे निर्जंतुक गाऊन-हातमोजे न घालता बसतो. पायाशी पेडल्स असतात. ती नीट जाणवावीत म्हणून बरेच सर्जन पायातलं काढून बसतात. कपाळ एका खाचेत टेकवलं की दोन्ही डोळ्यांसमोर दोन वेगळी चित्रं येतात, आणि मेंदू त्यांतून खोली असलेलं एकच दृश्य घडवतो, सुमारे दहापट मोठं करून. हाताची बोटं दोन कड्यांत अडकवलेली असतात. बाहेर हात तीन सेंटिमीटर हलला तर आतलं टोक एकच सेंटिमीटर हलेल अशी सोय करता येते. हाताचा सूक्ष्म कंप यंत्र गाळून टाकतं. आतलं टोक मनगटासारखं वळतं, आणि हे सगळं जेमतेम आठ मिलिमीटरच्या छिद्रातून.

कन्सोलमधली एक सोय मला फार बोलकी वाटते. सर्जनचं डोकं खाचेत आहे की नाही, हे तिथला सेन्सर सतत तपासत असतो. सर्जनने कुणाकडे बघायला डोकं बाहेर काढलं की रुग्णाच्या पोटातली सगळी इन्स्ट्रुमेंट्स जागच्या जागी थिजतात. सुरक्षिततेसाठी हे हवंच. पण त्याचा अर्थ असाही होतो की या यंत्रावर काम करत असताना सर्जन आपल्या सहकाऱ्यांकडे बघू शकत नाही. बघायचं असेल तर काम थांबवावं लागतं.

हे अंतर चुकून आलेलं नाही. यंत्राची कल्पनाच अंतरासाठी जन्मली. १९८५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या लाँग बीच इथे कारखान्यात वापरायच्या ‘प्यूमा’ या यांत्रिक हाताने मेंदूत न्यायच्या सुईची दिशा नेमकी धरून ठेवली, तिथून शस्त्रक्रियेतल्या रोबोटची गोष्ट सुरू होते. पुढे अमेरिकी लष्कराच्या संशोधन विभागाने एका स्वप्नावर पैसा लावला: सर्जन सुरक्षित जागी, जखमी सैनिक रणांगणाजवळ. एसआरआय इंटरनॅशनल या संस्थेत त्यावर झालेलं काम ‘दा विंची’च्या मुळाशी आहे. रणांगणावरचं स्वप्न तसंच राहिलं. यंत्र मात्र शहरांतल्या रुग्णालयांत आलं, आणि शेकडो मैलांसाठी कल्पिलेलं अंतर एकाच खोलीतल्या काही मीटरवर येऊन थांबलं.

काही मीटरांत काय काय हरवतं

हे काही मीटर किती मोठे असतात, याचा शोध हॅना पेलिकन आणि कॉर्नेल विद्यापीठातले एमी चीटल, माल्टे युंग आणि स्टीव्हन जॅक्सन यांनी घेतला. दोन रुग्णालयांत दोन वर्षं त्यांनी ऑपरेशनं बघितली, चित्रित केली, मुलाखती घेतल्या आणि २०१८ मध्ये निष्कर्ष मांडले. एरवीच्या ऑपरेशनमध्ये माणसं एकमेकांना अक्षरशः खेटून उभी असतात. रोबोट आल्यावर ती पांगतात. या पांगण्यातून त्यांना तीन प्रकारचं अंतर दिसलं. एक शरीराचं. दुसरं जाणिवेचं, म्हणजे कुणाला काय माहीत आहे याचा अंदाज सुटणं. तिसरं भावनेचं, म्हणजे शेजारच्याच्या मनावर आत्ता किती ताण आहे हे न कळणं.

पहिल्या अंतराचा अर्थ सर्जनच्या बोटांना आधी कळतो. उघड्या ऑपरेशनमध्ये बोटाला पेशी मऊ आहे की घट्ट, खाली धमनी उडतेय का, हे जाणवतं. ‘दा विंची’च्या आधीच्या पिढ्यांत हा स्पर्श जवळजवळ पोचतच नव्हता. टाका किती ओढला हे सर्जनला डोळ्यांनी ओळखायला शिकावं लागलं: धागा कसा ताणला गेलाय, कडा कशी पांढुरकी पडतेय, पेशी कुठे सुरकुततेय. २०२४ मध्ये मान्यता मिळालेल्या ‘दा विंची ५’मध्ये जोराची जाणीव काही प्रमाणात परत आणली आहे. पण मधल्या जवळजवळ पाव शतकात सर्जनची एक पूर्ण पिढी डोळ्यांनी स्पर्श करायला शिकली.

दुसरं अंतर अधिक गहन आहे. रुग्णाच्या पोटातलं दृश्य सर्जनला कुणाहीपेक्षा स्पष्ट दिसतं, पण त्याच रुग्णाचं शरीर बाहेरून दिसत नाही. यंत्राचे दोन हात बाहेर एकमेकांवर आदळतायत का, एखादा हात रुग्णाच्या मांडीवर दाबला जातोय का, हे पेटीत डोकं घातलेल्या माणसाला कळायचा मार्ग नाही. ते दिसतं टेबलाशेजारी उभ्या असलेल्या सहायकाला. तो गाऊन-हातमोजे घालून तिथेच असतो. यंत्राच्या हातांतली इन्स्ट्रुमेंट्स बदलतो, कॅमेऱ्याचं भिंग पुसून परत आत घालतो, सक्शन करतो, वेगळ्या छिद्रातून सुई आत पोचवतो, क्लिप लावतो. सर्जनच्या हाताला न लागणारं आणि डोळ्याला न दिसणारं सगळं जग या माणसाच्या स्वाधीन असतं. इंग्लंडमध्ये रिबेका रँडल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रोबोटिक शस्त्रक्रिया करणाऱ्या चमूंशी बोलून जे टिपलं, त्यात हाच सूर ऐकू येतो: पेटीत एकाग्रता उत्तम साधते, पण खोलीत काय चाललंय याचं भान कमी होतं, आणि टेबलाशेजारचा सहायक किती जाणता आहे यावर फार काही अवलंबून राहतं.

भूलतज्ज्ञाचं कामही बदलतं. प्रोस्टेटच्या किंवा गर्भाशयाच्या ऑपरेशनसाठी टेबल डोक्याकडून बरंच खाली झुकवतात, पोटात कार्बन डायऑक्साइड भरतात आणि वर यंत्र येऊन उभं राहतं. रुग्णाच्या चेहऱ्यापर्यंत, हातांवरच्या सलाइनपर्यंत पोचणं अवघड होऊन बसतं. त्यात रुग्ण किंचितही हलता कामा नये, कारण यंत्राचे हात त्याच्या पोटातल्या छिद्रांना जोडलेले असतात. भुलीचा अंमल कुठवर आहे, हे भूलतज्ज्ञाने आपणहून सांगत राहणं इथे जिवाशी निगडित असतं.

“सुई आत.” “सुई दिसली.”

मग हे चमू काय करतात? बोलतात. चांगल्या रोबोटिक थिएटरमध्ये एखाद्या टप्प्यावर काय ऐकू येतं, याचा नमुना असा (‘तीन नंबर’ म्हणजे यंत्राचा तिसरा हात):

“तीन नंबर बाहेर घ्या. कात्री द्या.”

“तीन नंबर बाहेर काढतेय, सर. तुमचा हात स्थिर ठेवा.”

“स्थिर आहे.”

“कात्री आत येतेय… आली. तीन नंबर तुमचा.”

“दिसली. आता सुई.”

“सुई आत.”

“सुई दिसली, धरली.”

काही वेळाने: “सुई परत घ्या.” “सुई बाहेर. मोजली. सिस्टर, एक सुई परत.” “एक सुई परत मिळाली, सर.”

हे वाचताना कंटाळवाणं वाटेल. पण सुरुवातीच्या त्या तळहाताशी याची तुलना करावी. तिथे अर्ध्या सेकंदात, एकही शब्द न उच्चारता जे घडत होतं, ते इथे सात-आठ वाक्यांत उलगडलं आहे. प्रत्येक वाक्याला उत्तर आहे आणि प्रत्येक उत्तरात ऐकलेलं परत उच्चारलं आहे. विमानाचा वैमानिक आणि नियंत्रण कक्ष याच रीतीने बोलतात: सांगणाऱ्याने सांगायचं, ऐकणाऱ्याने तेच परत म्हणायचं, सांगणाऱ्याने ते बरोबर असल्याची खात्री करायची. “तीन नंबर तुमचा” या तीन शब्दांत जबाबदारी एका हातातून दुसऱ्या हातात जाते. ते शब्द उच्चारले जाईपर्यंत सर्जनने तो हात हलवायचा नसतो, कारण टोक आत नेमकं कुठे आहे हे अजून त्याने पाहिलेलं नसतं.

आणखी एक अडचण आपल्या सहज लक्षात येत नाही. कन्सोलमध्ये मायक्रोफोन असतो आणि सर्जनचा आवाज स्पीकरमधून येतो. समोरासमोर उभं असताना “जरा ओढा” म्हणताना आपण ज्याला सांगतो त्याच्याकडे बघतो, म्हणून नाव घ्यावं लागत नाही. स्पीकरमधून आलेल्या “जरा ओढा”ला मात्र चेहरा नसतो. सहायकाने ओढायचं की दुसऱ्या बाजूच्या निवासी डॉक्टरने? आणि “जरा” म्हणजे किती? म्हणून आधी नाव, मग सूचना, मग माप, अशी शिस्त लागते. उलट बाजूही तितकीच खरी. सर्जन अचानक गप्प झाला तर टेबलाशेजारच्या माणसांना त्याचा चेहरा दिसत नाही. तो विचार करतोय, अडकलाय की शांतपणे पुढे निघालाय, हे कळायला त्याने मोठ्याने बोलायला हवं: “इथे जरा चिकटलेलं आहे, सावकाश सोडवतोय.” आपल्या मनात चाललेलं इतरांना ऐकवत राहणं हेही आता सर्जनच्या कौशल्याचा भाग झालं आहे.

जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये शस्त्रक्रियेसाठी १९ मुद्द्यांची एक साधी तपासणी-यादी आणली. छेद घेण्याआधी खोलीतल्या प्रत्येकाने आपलं नाव आणि काम सांगायचं, हा त्यातला एक मुद्दा. दिल्लीसह जगातल्या आठ शहरांतल्या आठ रुग्णालयांत ती वापरून पाहिली, तेव्हा मृत्यूचं प्रमाण १.५ टक्क्यावरून ०.८ टक्क्यावर आणि गुंतागुंतीचं ११ टक्क्यांवरून ७ टक्क्यांवर आल्याचं २००९ मध्ये प्रसिद्ध झालं. रोबोटिक थिएटरमध्ये हा नावांचा मुद्दा दुप्पट मोलाचा ठरतो. पुढचे काही तास ज्यांचे चेहरे दिसणार नाहीत, त्यांची नावं तरी तोंडात असायला हवीत.

हरवलं तसं मिळालंही

अंतराने नुसतं घेतलं असं नाही. उघड्या ऑपरेशनमध्ये खोल ओटीपोटात नेमकं काय चाललंय, हे सर्जन आणि फार तर समोरचा सहायक सोडला तर कुणालाच दिसत नसे. मागे उभा विद्यार्थी टाचा उंचावून बघायचा, भूलतज्ज्ञाला तर पडदाच आड यायचा. आता तेच दृश्य भिंतीवरच्या पडद्यांवर सगळ्यांना मोठं करून दिसतं. सामान आणून देणाऱ्या फिरत्या सिस्टरलाही कळतं की प्रोस्टेट सुटत आलं, आता मूत्राशय जोडायचं, तेव्हा त्याचे धागे काढून ठेवावेत. पडद्यावर बोट फिरवून रेघ काढली की ती सर्जनच्या डोळ्यांसमोर उमटते. वरिष्ठ डॉक्टर “इथून नको, या रेषेने जा” असं शब्दांऐवजी रेषेने सांगू शकतात.

माणसांचं वजनही बदलतं. टेबलाशेजारचा सहायक पूर्वी ‘धरून उभा राहणारा’ समजला जाई. आता रुग्णाच्या अंगाला हात असलेला तोच एकटा असतो. यंत्र जोडणं, त्याचे हात कुठल्या कोनात ठेवायचे ते ठरवणं, पडद्यावर आलेला बिघाडाचा इशारा वाचणं, यात तरबेज झालेली सिस्टर अनेकदा नवख्या सर्जनपेक्षा यंत्र अधिक जाणते. तिने “सर, थांबा, हात आदळतोय” म्हटल्यावर थांबणं सर्जनला भाग असतं. ज्या खोलीत एकाच आवाजाला वजन होतं, तिथे यंत्राने दुसऱ्या आवाजांना अधिकार मिळवून दिला, हे मला या सगळ्या बदलातलं सर्वांत आशादायक वाटतं.

त्या अधिकाराची खरी कसोटी आणीबाणीत लागते. समजा, मोठी रक्तवाहिनी फाटली आणि पोट उघडावंच लागणार आहे. सर्जन गाऊनशिवाय, हात न धुता कोपऱ्यात बसलेला आहे. त्याने उठून हात धुऊन गाऊन चढवेपर्यंत रक्त थोपवायचं काम सहायकाचं. सिस्टरने इन्स्ट्रुमेंट्स बाहेर काढायची, यंत्राचे हात छिद्रांपासून सोडवायचे, यंत्र मागे न्यायचं. दुसरीने उघड्या ऑपरेशनचा संच उघडायचा, भूलतज्ज्ञाने रक्त मागवायचं. हृदय बंद पडलं तरी तेच: यंत्र दूर केल्याशिवाय टेबल सपाट करता येत नाही आणि छातीवर दाब नीट देता येत नाही. म्हणून कुणी काय करायचं हे आधी ठरवून, रुग्ण नसताना त्याची तालीम करतात. तालमीत नेहमी एक गोष्ट उघड होते: हात सगळ्यांचे वेगवान असतात, वेळ वाया जातो तो “हे कोण करतंय?” या प्रश्नात.

शिकाऊ डॉक्टरचे हात कुठे गेले?

एक नुकसान मात्र गंभीर आहे. उघड्या ऑपरेशनला चार हात लागतातच. त्यामुळे शिकणारा निवासी डॉक्टर पहिल्या दिवसापासून उपयोगी असतो. आधी बाजू धरतो, मग टाका घालतो, मग एखादा भाग स्वतः करतो, आणि वरिष्ठाचा हात शेजारीच असतो. रोबोटच्या कन्सोलवर एकच माणूस चारही यांत्रिक हात चालवू शकतो. शिकणाऱ्याची गरजच उरत नाही. मॅट बीन या अमेरिकी संशोधकाने अनेक रुग्णालयांत हे पाहून २०१९ मध्ये लिहिलं की निवासी डॉक्टरांना यंत्रावर हात बसवण्याची संधी फार तुटपुंजी मिळते. बरेच जण प्रमाणपत्र मिळवतात, कौशल्य मिळवत नाहीत. जे थोडे तयार होतात, ते सिम्युलेटरवर आणि चित्रफिती बघून तासन्‌तास घालवतात, आणि देखरेख कमी असेल तिथे जाऊन शिकतात.

यामागचं कारण पुन्हा बोलण्याशीच जोडलेलं आहे. शेजारी उभं राहून शिकवताना वरिष्ठ शिकणाऱ्याचा हात धरतो, कोपराने ढकलतो, भुवई उंचावतो. कन्सोलवर कनिष्ठाला बसवलं की वरिष्ठाकडे दोनच मार्ग उरतात: बोलून सांगणं किंवा ताबा काढून घेणं. शब्दांत शिकवायची सवय नसलेला शिक्षक लवकर ताबा घेतो. दोन कन्सोल जोडता येणारी यंत्रं २००९ पासून आहेत, त्यांची मदत होते. पण आपल्या बोटांना जे कळतं ते वाक्यात मांडायची कला शिक्षकाला स्वतः शिकावी लागते.

हे जमतं का? जमतं, आणि त्याचा एक सुंदर दाखला रोबोट रुळण्याच्या थोडा आधीचा आहे. हार्वर्डच्या एमी एडमंडसन, रिचर्ड बोमर आणि गॅरी पिसानो यांनी १६ रुग्णालयांत हृदयशस्त्रक्रियेचं एक नवं तंत्र कसं रुजलं, हे २००१ मध्ये मांडलं. या तंत्रात छातीचं हाड मधोमध न कापता फासळ्यांमधल्या लहान छेदातून काम करायचं असे. पूर्वी सर्जन महाधमनीला डोळ्यांदेखत चिमटा लावायचा. आता जांघेतून वर सरकवलेला एक फुगा आतून ती बंद करायचा, आणि तो फुगा सर्जनला दिसत नसे. तो जागचा हलला तर ते कळायचं पडद्यावरच्या सोनोग्राफीत आणि दाबाच्या आकड्यांत, म्हणजे भूलतज्ज्ञाला आणि यंत्राजवळच्या तंत्रज्ञाला. त्यांनी तोंड उघडलं नाही तर सर्जन आंधळा. कुठलं रुग्णालय हे लवकर शिकलं? सर्वांत नामांकित रुग्णालय किंवा सर्वांत ज्येष्ठ सर्जन, असं उत्तर निघालं नाही. जिथे चमू विचारपूर्वक निवडला होता, सुरुवातीला तोच टिकवून ठेवला होता, आणि सर्जनने ‘तुम्ही सांगितल्याशिवाय मला कळणार नाही’ हे आधीच मोकळेपणाने बोलून दाखवलं होतं, ते चमू भराभर पुढे गेले.

पेटी उघडणारे

यंत्र बनवणाऱ्यांनीही हे ऐकलं, आणि इथे आपल्या पुण्याचा संबंध येतो. केंब्रिजच्या सीएमआर सर्जिकल कंपनीने ‘व्हर्सियस’ नावाचा रोबोट बनवला, त्यात सर्जनला डोकं घालायची पेटीच नाही. समोर उघडा पडदा, डोळ्यांवर त्रिमितीचा चष्मा, हातात दोन मुठी. बसून करा किंवा उभं राहून. चमूशी बोलणं सोपं व्हावं, हा त्या उघडेपणामागचा एक हेतू. यांत्रिक हातही एकाच सांगाड्याला न जोडता वेगवेगळ्या लहान गाड्यांवर ठेवलेले, त्यामुळे टेबलाशेजारी माणसांना उभं राहायला जागा मिळते. हा रोबोट माणसांवर पहिल्यांदा वापरून पाहिला गेला तो २०१९ मध्ये, पुण्याच्या दीनानाथ मंगेशकर रुग्णालयात, डॉ. धनंजय केळकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या हातून. हृदयशल्यविशारद डॉ. सुधीर श्रीवास्तव यांच्या गुरुग्राममधल्या कंपनीने बनवलेल्या ‘मंत्रा’ या भारतीय रोबोटवरही सर्जन उघड्या मोठ्या पडद्यासमोर बसतो.

याच ‘मंत्रा’वर जानेवारी २०२५ मध्ये गुरुग्रामहून जयपूरमधल्या रुग्णाचं, २८६ किलोमीटरवरून, हृदयाचं ऑपरेशन झालं. अशा बातम्यांत आपल्याला दूर बसलेला सर्जन दिसतो. या प्रकारातलं सर्वांत गाजलेलं ऑपरेशन ७ सप्टेंबर २००१चं. न्यूयॉर्कमध्ये बसून जाक मारेस्को यांनी फ्रान्समधल्या स्ट्रासबर्ग इथल्या ६८ वर्षांच्या बाईंचं पित्ताशय काढलं. हाताची हालचाल समुद्रापलीकडे जाऊन तिचं चित्र डोळ्यांपर्यंत यायला सुमारे १५५ मिलिसेकंद लागत होते. एकट्याने अटलांटिक ओलांडणाऱ्या वैमानिकाच्या नावावरून त्याला ‘लिंडबर्ग ऑपरेशन’ म्हटलं गेलं. पण ते एकट्याचं कधीच नव्हतं. स्ट्रासबर्गच्या टेबलाशी डॉक्टरांचा चमू उभा होता, भूल त्यांनी दिली, छिद्रं त्यांनी केली, संपर्क तुटला असता तर पुढचं सगळं त्यांनीच केलं असतं. सर्जन जितका दूर जातो, तितकी रुग्णाजवळच्या माणसाची जबाबदारी वाढते, आणि तितकाच त्या दोघांमधल्या शब्दांचा भार वाढतो. काही मीटरवर जे खरं आहे, ते काही हजार किलोमीटरवर आणखी खरं होतं.

म्हणून आपल्याला किंवा आपल्या माणसाला उद्या कुणी रोबोटिक ऑपरेशन सुचवलं, तर यंत्राचं नाव आणि खर्च यांच्यासोबत आणखी तीन प्रश्न विचारायला अजिबात संकोच करू नये. टेबलाशेजारी कोण असेल, आणि त्यांनी तुमच्यासोबत अशी किती ऑपरेशनं केली आहेत? हाच चमू नेहमी एकत्र काम करतो का? अचानक पोट उघडावं लागलं तर कुणी काय करायचं याची तालीम झाली आहे का? चांगल्या सर्जनला या प्रश्नांचा राग येत नाही. ज्याने त्या पेटीत डोकं घालून तासन्‌तास काम केलं आहे, त्याला पक्कं ठाऊक असतं की आपले दहापट तीक्ष्ण झालेले डोळे आणि न थरथरणारे हात बाहेरच्या माणसांच्या आवाजावर उभे आहेत. असा सर्जन या प्रश्नांचं उत्तर देताना आपल्या सिस्टरचं आणि सहायकाचं नाव आपणहून घेईल.